वाढप्याला भोवळ येते तेव्हा

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात काय लिहावे, याचे संकेत आपल्याकडे केव्हाच ठरून गेले आहेत. एखादा विस्मृतीत गेलेला कवी, लावणीतला एखादा वादग्रस्त शब्द, फार झाले तर भाषाशुद्धीवर चार कडक परिच्छेद! लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा पडदा एकाएकी काळा का पडतो, या प्रश्नाला त्याने हात घालणे म्हणजे हरदासाने निरूपण सोडून पेटीचा भाता दुरुस्त करायला बसणे होय. पण वाचकहो, आख्यान ऐन रंगात आले असता पेटीच बंद पडली आणि वाजवणारा गावाला गेलेला असला, तर हरदासाने करावे तरी काय?

मी राहतो बावधनला. रंगपंचमीला बगाड निघते ते बावधन वाईजवळचे, सातारा जिल्ह्यातले. आमचे बावधन मुळशी तालुक्यातले, चांदणी चौकाला लागून असलेले, रामनदीच्या काठचे. २०२१ साली बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत गेले, २०२२च्या ऑक्टोबरात चांदणी चौकातला जुना पूल स्फोट करून पाडला, २०२३च्या ऑगस्टात नवा रस्ता वाहता झाला; आणि या धामधुमीत टेकडीच्या पायथ्याशी इमारती अशा काही दाटल्या की आता दर दुसऱ्या घरात एक संगणक अभियंता नांदतो. तुम्ही म्हणाल, मग तुम्हांला कसली ददात? ददात अशी की अभियंता शेजारी आणि डॉक्टर जावई यांचा उपयोग सारखाच. रविवारी सकाळी गाठावे तर गृहस्थ हसून म्हणतात, "सर, मी क्लाउडवाला. हे माझ्या लाइनीतले नाही."

आणि गरज तर वाढतच चालली आहे. माझ्याकडे एम.ए.ला येणारी कितीतरी मुले पौड-कोळवणच्या बाजूची. त्यांचे लॅपटॉप बहुधा कोणाचे तरी वापरून झालेले. विंडोज १०ची सर्वसाधारण साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि अकरावी आवृत्ती जुन्या यंत्रांना उंबऱ्याच्या आत घेईना. तेव्हा फुकट मिळणारी, जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालणारी लिनक्स प्रणाली या मुलांनी आपलीशी केली. त्यात वावगे काहीच नाही. बहुतेक दिवस ती निमूटपणे चालते. एखाद्या दिवशी मात्र पडदा काळा पडतो, आणि मुलगा दुकानात धाव घेतो. दुकानातल्या वैद्यकात सर्व रोगांवर एकच मात्रा आहे. तिचे नाव 'फॉरमॅट'.

ही मात्रा किती अघोरी आहे हे कळायला पडद्यामागे काय चालते ते थोडे समजून घ्यायला हवे. सर्व्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूर कुठेतरी थंडगार खोलीत घोंघावणारी कपाटे उभी राहतात. वस्तुतः सर्व्हर म्हणजे वाढणारा, आपला पंगतीतला वाढपी. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम, गाणी वाजवण्याचा, जाळ्यावर हिंडण्याचा, हे सगळे आचारी. ते आपापल्या चुलीवर रांधतात, पण तुमच्या पानापर्यंत येण्याची त्यांना मुभा नाही. पडदा हे पान. त्यावर कोणता पदार्थ कुठे पडावा हे वाढप्याने बघायचे. तुम्ही पानावरून "इकडे थोडे मीठ" म्हणालात, म्हणजे कीबोर्ड वा माउस हलवलात, की तो निरोपही योग्य आचाऱ्याकडे यानेच न्यायचा. संगणकवाले याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात.

या वाढप्याचा जन्म १९८४चा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'प्रोजेक्ट अथेना' नावाचा उपक्रम चालू होता. विद्यार्थ्यांच्या कामासाठी नाना जातींची यंत्रे, आणि त्या सर्वांवर चालेल अशी चित्रव्यवस्था हवी होती. बॉब शाइफलर आणि जिम गेटिस या मंडळींनी ती उभी केली. तिच्या आधी स्टॅनफर्डला 'डब्ल्यू' नावाची अशीच एक व्यवस्था होती. तिच्या पुढचे अक्षर म्हणून हिचे नाव 'एक्स'. नामकरणात यापेक्षा कमी कल्पनाशक्ती खर्च झाल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही. १९८७च्या सप्टेंबरात एक्सची अकरावी आवृत्ती आली, आणि बारावी काही आली नाही. म्हणजे १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा हा वाढपी आधीच पदर खोचून तयार होता.

आता हा वाढपी भोवळ येऊन पडला तर? पानावर काही येत नाही, म्हणून पंगतीतला मनुष्य समजतो की स्वयंपाकघरालाच आग लागली. तसे नसते. जे आचारी त्याच्याशी बोलत होते ते बहुधा चुली विझवून निघून जातात, त्यामुळे त्या क्षणी अर्धे लिहिलेले, न साठवलेले पान हाती लागेलच असे नाही. पण कोठीघर शाबूत असते. तबकडीवर साठवलेले सारे जिथल्या तिथे असते. यंत्राचा गाभा जागा असतो. तो जागा आहे का हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे कॅप्सलॉकची कळ दाबावी. दिवा लागला-विझला, तर नाडी चालू आहे. मग कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबाव्यात. यंत्र पुरते गोठलेले नसेल, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारले जाते. हे मागचे दार. येथे चित्रे नाहीत, माउस नाही. वाढप्याला वगळून तुम्ही थेट स्वयंपाकघरात आलात.

येथे आल्यावर करायचे काय? तर वाचायचे. मराठीच्या मास्तराला ज्याचा पगार मिळतो तेच काम! लिनक्स हे विलक्षण बोलके यंत्र आहे. आपल्या जुन्या पेढ्यांत जशी रोजकीर्द असे, तशी ते बारीकसारीक गोष्टींची नोंद ठेवते. एक्सच्या कीर्दीत पुष्कळ ओळींच्या आरंभी कंसात जोडअक्षरे असतात. दोन आय म्हणजे नुसती माहिती, दोन डब्ल्यू म्हणजे इशारा, आणि दोन ई म्हणजे चूक. हजार ओळींत दोन ई शोधल्या की निम्मे काम झाले. शिवाय साऱ्या यंत्राची मिळून एक मोठी कीर्द असते. ती 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने उघडते, आणि तिला 'उणे बी, उणे एक' अशी पुस्ती जोडली की आजची सोडून मागल्या खेपेची, म्हणजे बिघाड झाला त्या बैठकीची पाने समोर येतात. ती पाने यंत्राने तबकडीवर जपून ठेवलेली असली पाहिजेत, एवढेच.

येथे दोन ठिकाणी माणूस फसतो. पहिले असे की एक्स दर वेळी नवी कीर्द सुरू करतो आणि आधीची 'ओल्ड' असे शेपूट लावून बाजूला ठेवतो. एकच जुनी ठेवतो. बिघाड झाल्यावर घाबरून यंत्र दोनदा बंद-चालू केलेत की खरा पुरावा पुसला गेला. पंचनाम्याच्या आधी वाडा धुऊन काढण्यातला प्रकार. दुसरे असे की सगळे जण शेवटची ओळ वाचतात. शेवटची ओळ नाटकी असते: 'पडदाच सापडला नाही', 'अकरा क्रमांकाचा सिग्नल आला, सर्व्हर आटोपतो आहे'. ते मरणाचे वर्णन झाले, कारण नव्हे. कारण पाचपन्नास ओळी वर, हळू आवाजात सांगितलेले असते: अमुक मॉड्यूल मिळाले नाही, तमुक जागी लिहिता आले नाही.

पोथ्यांवर काम करणाऱ्यांना यात नवे काही नाही. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. ते सारे काम याच जातीचे: अनेक प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या आणि कोणता पाठ कोणत्या ठिकाणापासून बिघडला ते हुडकायचे. एक लेखनिक एका ठिकाणी घसरतो, आणि पुढचे चार जण त्या घसरणीला अर्थ देण्याच्या खटपटीत आणखी चार चुका करतात. म्हणून शेवटची चूक कितीही ठळक दिसली तरी पहिली शोधायची. माझ्या एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सेच्या तासाला मी हल्ली चांगल्या दिवसाची आणि वाईट दिवसाची अशा दोन कीर्दी शेजारी शेजारी ठेवून देतो. मुले डुलक्या घेत नाहीत.

रोग म्हणाल तर मोजकेच. सर्वांत नेहमीचा म्हणजे गाभा नवा आला आणि चित्र काढणाऱ्या कार्डाचा चालक, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो जुन्या गाभ्याच्याच मापाचा राहिला. नव्या अंगरख्याला जुनी गुंडी. त्यावर उतारा असा की यंत्र सुरू होताना जी यादी दिसते, किंवा मागून घेता येते, तीत जुना गाभाही शिल्लक असतो. तो निवडून आत जावे आणि मग सावकाश चालक दुरुस्त करावा. या चालकांपायी टॉरव्हाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधल्या एका सभेत एनव्हिडिया कंपनीला उद्देशून जे बोट दाखवले आणि जे शब्द उच्चारले, ते या अंकात छापण्यासारखे नाहीत. त्याच कंपनीने २०२२च्या मे महिन्यात आपल्या चालकाच्या गाभ्यालगतच्या भागाची संहिता खुली केली. याशिवाय स्मरणशक्ती अपुरी पडली की गाभा जड आचाऱ्याला आणि कधी कधी वाढप्यालाच गचांडी देतो. कधी बिघाड यंत्राचा नसून तुमच्या एकट्याच्या मांडणीचा असतो. तेव्हा एक नवे खाते उघडून पाहावे. नव्या माणसाला नीट वाढले जात असेल, तर खोट तुमच्या ताटात आहे. पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार औषधे एकदम घेऊन बरा झालेला रोगी कशाने बरा झाला हे धन्वंतरीही सांगू शकत नाही.

आता एक खरीखुरी हकीकत सांगतो. माझी एक विद्यार्थिनी मुळशी धरणाच्या बाजूच्या एका वाडीतली. प्रबंधाचा विषय जात्यावरच्या ओव्या. या मुलखाला ओव्यांची परंपरा मोठी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून ज्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत मुळशीच्या बायांचा वाटा मोठा आहे. ही मुलगी आपल्या आजीपासून सुरुवात करून वाडीवाडीतल्या म्हाताऱ्यांकडे गेली. मोबाइलवर आवाज टिपले, घरी येऊन लॅपटॉपवर उतरवले. टिपलेल्या आवाजांपैकी दोघी जणी मागल्या पावसाळ्यात वारल्या. प्रबंध देण्याला नऊ दिवस उरले होते, आणि यंत्र तिला आत घेईना. नाव लिहावे, परवलीचा शब्द द्यावा, पडदा क्षणभर काळा व्हावा, आणि पुन्हा नाव विचारणारी तीच पाटी यावी. शब्द चुकला असेही यंत्र म्हणेना. दारातून आत घ्यायचे आणि माजघरातून पुन्हा दारात आणून सोडायचे.

जवळच्या दुकानदाराने मात्रा सांगितली. "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल. डेटा गेला समजा." ती पोर तिथून थेट माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी नव्हते. असते तर बरे वाटले असते. म्हणाली, "सर, माझं जाऊ दे. पण त्या दोघींचं परत कुठून आणू?"

मागच्या दाराने आत गेलो. तिने नाव घातले, शब्द घातला. यंत्राने मुकाट घेतले. म्हणजे शब्द बरोबर, खाते शाबूत. तिच्या कप्प्यात काय आहे याची यादी मागितली, आणि पडद्यावर जे उमटले ते पाहून तिचा धीर सुटला. 'प्रकरण तीन – सासर-माहेर', 'आजीच्या ओव्या' अशा नावांच्या जागी नुसते चौकोन. चौकोनांमागून चौकोन.

"गेलं ना सगळं, सर?"

गेले नव्हते. येथे मला आमच्या भाषेच्या नशिबाविषयी एक अवांतर शब्द बोलू द्या. हा जो काळा मागचा दरवाजा, त्याच्याजवळ अक्षरांचे साचे ठेवायला फार तर ५१२ खण असतात. त्यांत रोमन लिपी सुखाने मावते. तिला जोडाक्षरे नाहीत, वेलांटीला व्यंजनाच्या आधी नेऊन बसवण्याचा खटाटोप नाही. देवनागरीला ते सगळे लागते, आणि ते काम पुढच्या दालनात, चित्रांच्या राज्यात होते. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, २००४ साली रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे टंक मुक्त परवान्याखाली दिले, आणि लिनक्सच्या पडद्यावर मराठी सरळ दिसू लागली. पण हे सारे वैभव वाढप्याच्या भरवशावर. तो पडला की इंग्रजी माणसाचे फक्त चित्र जाते. आपली लिपीच जाते. नावे आत अक्षरशः तशीच असतात, एकही काना हललेला नसतो. दाखवणारा तेवढा निरक्षर.

हे मी तिला सांगितले, आणि मग 'डीएफ' ही दोन अक्षरी आज्ञा दिली. ती कोठीघर किती भरले ते सांगते. उत्तर आले, शंभर टक्के. कीर्दीत पाहिले तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा: जागा शिल्लक नाही. उलगडा झाला! आत घेताना वाढपी एक लहानशी चिठ्ठी लिहून ठेवतो, ओळखीची. ती लिहायलाही जागा नव्हती, म्हणून तो बिचारा दारातूनच परत फिरवत होता. मग यंत्र सुरू तरी कसे झाले? तर लिनक्समध्ये तबकडी मांडतानाच सहसा पाच टक्के जागा यंत्राच्या मालकासाठी, 'रूट'साठी, राखून ठेवतात. आजीने कणगीच्या तळाशी चार पायल्या झाकून ठेवाव्यात, तसे. त्या चार पायल्यांवर घर चालले होते, पण पाहुण्याला पान नव्हते.

पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, वाचवण्याचे. तिचा सगळा कप्पा 'टार' नावाच्या आज्ञेने एका गाठोड्यात बांधला. असे गाठोडे बांधले की नावे वाचता यावी लागत नाहीत, चौकोनांसकट सारे आत जाते. ते थेट पेनड्राइव्हवर उतरवले, आणि माझ्या संगणकावर उघडून पाहिले. आजीचा आवाज ऐकू आला. आतून चहा घेऊन आलेल्या आमच्या मंडळींनी कप खाली ठेवला आणि तिथेच उभ्या राहून ती ओवी पुरी ऐकली.

मग प्रश्न राहिला, जागा खाल्ली कोणी? तिला वाटत होते, आवाजांनी. आवाज सारे मिळून अकरा जीबी. शोधता शोधता एक फाइल निघाली एकटी बावन्न जीबीची, नावाच्या आधी टिंब असलेली, म्हणजे साध्या यादीत न दिसणारी. आणि गंमत पाहा, ती होती तक्रारींची कीर्द! चित्रबैठकीत चालणारे प्रोग्रॅम आपली कुरकुर ज्या फाइलीत लिहितात ती. कोपऱ्यात बसणारा एक चिमुकला प्रोग्रॅम, त्याला एक चिन्ह सापडत नव्हते, आणि ते सापडत नाही ही एकच ओळ तो सेकंदाला शेकडो वेळा, आठवडेच्या आठवडे लिहीत बसला होता. यंत्राच्या बोलकेपणाची मी वर स्तुती केली आहे. ती मागे घेत नाही, पण कोणत्या टोकाला जाते ते सांगून ठेवतो. नुसत्या चरफडण्याने घर भरून गेले आणि घरधनिणीला बाहेर राहावे लागले, असे संसार आपण पाहिलेले आहेत.

फाइल रिकामी केली. तो चिमुकला प्रोग्रॅम काढून टाकला. नाव दर ओळीच्या आरंभीच लिहिलेले होते. यंत्र पुन्हा चालू केले. शब्द घातला, पडदा क्षणभर काळा झाला, आणि तिची टेकडीच्या चित्राची पार्श्वभूमी वर आली. चौकोनांच्या जागी पुन्हा 'आजीच्या ओव्या'. दुकानदाराने अडीच हजार रुपये सांगितले होते. वेळ लागला तो सव्वा तास, त्यातला निम्मा गाठोडे उतरण्याची वाट पाहण्यात. प्रबंध नवव्या दिवशी दाखल झाला.

या एक्स नावाच्या म्हाताऱ्या वाढप्याचे दिवस आता भरत आले आहेत. २००८ साली क्रिस्टियन ह्योग्सबर्ग या प्रोग्रॅमकाराने 'वेलँड' नावाची नवी व्यवस्था आरंभली. वेलँड हे मॅसॅच्युसेट्समधले एक गाव. त्यातून जाताना कल्पना सुचली म्हणून ते नाव. या न्यायाने चांदणी चौकात खोळंबलेल्या आमच्या अभियंत्यांना जे सुचत असेल त्याला 'बावधन' म्हणायला हरकत नव्हती! फेडोराने २०१६च्या नोव्हेंबरात वेलँडला मुख्य जागा दिली, आणि २०२५च्या ऑक्टोबरात आलेल्या उबुंटूच्या नेहमीच्या मांडणीतून एक्सची बैठक काढूनच टाकली. नव्या व्यवस्थेत पाट मांडणारा आणि वाढणारा एकच. काम चपळ होते, शेजारच्या पानात डोकावण्याची सोय राहत नाही, हे चांगलेच. पण पूर्वी पाट मांडणाऱ्याला चक्कर आली तरी वाढपी उभा असे आणि पंगत चालू राही. आता एक पडला की दोघेही पडले, आणि आचारीही गेले. केडीई मंडळींनी २०२४च्या फेब्रुवारीत प्लाझ्माच्या सहाव्या आवृत्तीत अशी तजवीज केली की वाढपी उठेपर्यंत त्यांचे पुष्कळसे आचारी चुलीपाशी थांबतील. इतरांकडे ही शिस्त अजून सर्वत्र आलेली नाही. आणि वेलँडच्या बैठकीत एक्सची ती जुनी वेगळी कीर्द शोधत बसू नये. त्याचे म्हणणे त्या मोठ्या, सामायिक कीर्दीत वाचावे.

मागच्या दाराशी देवनागरी मात्र बहुतेक ठिकाणी अजून चौकोनच आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीने यावर स्वतःच तोड काढली. मी तिला रोमन लिपीत नावे दे म्हणणार होतो, तर म्हणाली, "नको सर, ओव्यांची नावं मराठीतच राहू देत." तिने दर फाइलीच्या नावाआधी एक इंग्रजी आकडा घातला आहे. अंधारात चौकोनांच्या रांगेपुढे तेवढा दिसतो. तीन आकडा आणि पुढे तारांकन एवढे लिहिले की यंत्र सासर-माहेरचे प्रकरण बिनचूक उचलते.